माड त्यांचा, वेल आमची

आज आम्ही मिरीबद्दल बोलणार आहोत. डब्यातल्या मिरीबद्दल नव्हे, मागच्या परसात माडावर चढलेल्या मिरीबद्दल. लागवड कशी करायची, मर रोग कसा टाळायचा हे सांगूच, कारण तुमच्यातल्या पुष्कळ जणींनी त्यासाठीच रेडिओ लावला असणार. पण त्याआधी थोडा इतिहास, आणि इतिहासाच्याही आधी आमच्या गटातली एक गोष्ट. त्या गोष्टीमुळेच आम्ही मिरीचा इतिहास शोधायला लागलो.

मे २०२१ मधले तौक्ते वादळ कोकण किनाऱ्यावर कुणी विसरलेले नाही. त्या रात्री आमच्या गटातल्या एका काकींच्या विहिरीजवळचा माड पडला. घराची वाटणी झाली तेव्हा तो माड दिराच्या वाट्याला गेला होता. त्याबद्दल कुणाची तक्रार नव्हती. पण त्या माडावर मिरीची वेल होती, ती काकींनी चौदा वर्षांपूर्वी लावलेली. मोरीचे पाणी तिकडे जायचे, म्हणून त्यांनी ती जागा निवडली होती. वर्षाला अडीच-तीन किलो वाळलेली मिरी त्यातून मिळायची. त्या पैशांतून त्यांची गटाची बचत भरली जायची, मुलीच्या वह्या यायच्या, आणि कुणाला न विचारता खर्च करता येतील असे त्यांच्या हातात वर्षभरात तेवढेच पैसे असत.

पंचनामा झाला. माडाची नोंद झाली, दिराच्या नावावर, आणि ते योग्यच होते. काकींनी विचारले, वेलीचे काय? लिहिणाऱ्याने कागद उलटसुलट पाहिला आणि सांगितले की वेलीला रकाना नाही. काकी बैठकीत येऊन एवढेच म्हणाल्या, "माड तेंचो, खरा. पण येल माझी."

त्या बैठकीत हप्त्यांचा हिशेब राहिला बाजूला. दोघी म्हणाल्या, अर्ज करू. एक म्हणाली, भावाभावांत कशाला काडी टाकायची. एका आजींनी सांगितले की त्यांच्या आईच्या वेळी मिरी विकतच नसत, लेकी माहेरी आल्या की जाताना पुरचुंडीत बांधून देत. म्हणजे तेव्हाही ती बायकांच्याच हातात होती, पण तिचा हिशेब नव्हता. मग कुणीतरी विचारले की ही वेल आपल्याकडे आली कधीपासून. आमच्यातल्या एकीने बीएला इतिहास घेतला होता, तिच्याकडे सगळ्यांनी पाहिले. त्या प्रश्नाचे उत्तर शोधता शोधता जे मिळाले ते आज सांगत आहोत.

पहिली गोष्ट म्हणजे मिरी बाहेरून आलेली नाही. आपल्या वाडीतल्या कितीतरी वस्तू परक्या आहेत. काजू, अननस, पपई, पेरू, मिरची हे सगळे अमेरिकेतून, बहुतेक पोर्तुगीजांच्या जहाजांतून आलेले. मिरी मात्र इथलीच, सह्याद्रीच्या दक्षिणेकडच्या ओल्या जंगलातली. संस्कृतात तिला मरिच म्हणतात. मिरची आली तेव्हा आपल्या लोकांनी तिला मिरीवरूनच नाव दिले. मालवणी-कोकणीतल्या 'मिरसांग' शब्दातही मिरी बसलेली आहे. चारशे-पाचशे वर्षांपूर्वीच्या स्वयंपाकघराची कल्पना करून पाहा. लाल तिखट नाही, हिरवी मिरची नाही. कालवणाला तिखटपणा आणायचा तर मिरी, आले, पिंपळी आणि आपल्या बाजूला तिरफळ. बाळंतिणीला आपण आजही देतो ती सुंठ-मिरी-पिंपळी, वैद्य ज्याला त्रिकटू म्हणतात, ती त्या जुन्या स्वयंपाकघराची उरलेली खूण म्हणता येईल.

दुसरी गोष्ट वनस्पतीशास्त्राच्या पुस्तकात सापडली आणि आम्हांला तीच सर्वांत मोठी वाटली. जंगलातल्या मिरीत नरवेल वेगळी आणि मादीवेल वेगळी असते. मादीवेलीजवळ नरवेल नसेल तर दाणे धरत नाहीत. आपल्या परसातल्या वेलीला मात्र एकाच फुलात दोन्ही अंगे असतात, म्हणून एकटी वेलसुद्धा घोसांनी भरते. हा बदल आपोआप घरापर्यंत चालत आला नाही. रानात कधीतरी अशी एखादी वेल निघत असेल. ती कुणीतरी ओळखली, तिचेच फाटे आणून घराजवळ लावले, शेजारणीला दिले, आणि असे पिढ्यान्‌पिढ्या चालले. बी पेरले असते तर गुण पुन्हा बदलले असते. फाटा लावला म्हणून तो टिकला. ज्यांनी ही निवड केली त्यांचे नाव कुठल्याही दगडावर कोरलेले नाही. ते पुरुष होते की बायका, हेही ठाऊक नाही. घराजवळच्या वेलीकडे रोज कोण पाहत असेल, याचा अंदाज मात्र तुम्ही-आम्ही बांधू शकतो.

लेखी इतिहास सुरू होतो तो समुद्रापलीकडे. इजिप्तचा राजा दुसरा रामेसेस इसवी सनापूर्वी १२१३ मध्ये मेला. त्याच्या ममीच्या नाकात मिरीचे दाणे सापडले. त्याच इजिप्तमध्ये, तांबड्या समुद्राच्या काठी बेरेनिके नावाचे जुने बंदर होते. तिथल्या देवळाच्या अवशेषांत हिंदुस्थानात घडवलेला एक मोठा रांजण मिळाला, त्यात साडेसात किलो मिरी तशीच होती. साडेसात किलो म्हणजे काकींच्या वेलीचे तीन वर्षांचे उत्पन्न. एवढेसे वाटते, पण दोन हजार वर्षे ती तिथे पडून होती. आमच्याकडे तर पावसाळ्यात डब्याचे झाकण सैल राहिले की बुरशी येते.

रोममध्ये प्लिनी नावाचा विद्वान होता, तो इसवी सन ७९ मध्ये वारला. त्याने मिरीचे भाव लिहून ठेवले आहेत. काळी मिरी एका रोमन पौंडाला चार दिनार, पांढरी सात, आणि पिंपळी पंधरा. तो वैतागून लिहितो की या वस्तूला ना गोडी ना रूप, नुसता तिखटपणा, आणि त्यासाठी लोक हिंदुस्थानपर्यंत जातात. मिरीत भेसळ होते हेही त्याने नोंदवले आहे. आज पपईच्या बिया घालतात, तेव्हा दुसरे काही घालत, एवढाच फरक.

पुढे ४०८ मध्ये अलारिक नावाच्या गॉथ राजाने रोमला वेढा घातला. वेढा उठवायला त्याने सोने, चांदी, रेशमी वस्त्रे मागितली आणि त्याच्याबरोबर तीन हजार पौंड मिरी. आम्ही बैठकीत याचा हिशेब मांडला. तीन हजार रोमन पौंड म्हणजे जवळजवळ एक टन. आमच्या वेलींच्या मानाने चारशे वेलींचे एका वर्षाचे पीक. एक किलो वाळलेली मिरी व्हायला साधारण तीन किलो हिरवी लागते, म्हणजे तीन टन हिरवी मिरी कुणीतरी शिडीवर चढून घोस-घोस खुडली, मळून दाणे सुटे केले, चार-पाच दिवस उन्हात घातली, संध्याकाळी गोळा केली, सुपात पाखडली. ज्या बाईने एकदा तरी घोस मळले आहेत तिला ठाऊक आहे की त्यानंतर बोटे डोळ्याला लागली तर काय होते. रोमच्या इतिहासात अलारिक आहे, ही बोटे नाहीत.

मिरी काळी कशी होते, याबद्दल युरोपात कितीतरी शतके एक गमतीची समजूत होती. सेव्हिलचा इसिडोर नावाचा धर्मगुरू सातव्या शतकाच्या सुरुवातीला लिहितो की मिरीच्या रानाची राखण साप करतात, लोक साप पळवायला रान पेटवतात, आणि त्या आगीने मिरी काळी पडते. हसू येते, पण ज्यांनी कधी मिरी वाळताना पाहिली नाही त्यांना दुसरे काय सुचणार? मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता चौदाव्या शतकात केरळात आला. त्याने मात्र डोळ्यांनी पाहिले. मिरीची वेल द्राक्षवेलीसारखी असते, ती माडाशेजारी लावतात आणि माडावर चढते, असे त्याने लिहिले. ती आगीवर भाजतात असे त्याच्या देशात समजत, तसे नाही, उन्हात वाळल्यानेच ती काळी होते, हेही त्याने सांगितले. कालिकतला मिरी धान्यासारखी मापाने मोजताना त्याने पाहिली होती. सातशे वर्षांपूर्वीचे ते वर्णन वाचताना आम्हांला आपलीच वाडी दिसली. वेल माडावर. द्राक्षाचे रोप आमच्यातल्या कित्येकींनी पाहिलेले नाही, तेवढाच भाग परका.

१४९८ मध्ये वास्को द गामा कालिकतला आला, हे शाळेत आपण सगळ्यांनी पाठ केले आहे. तो कशासाठी आला हेही. पण त्यानंतर भावाचे काय झाले, ते शाळेत कुणी सांगितले नव्हते. पोर्तुगीजांनी कोचीनला बस्तान बसवले, १५०३ मध्ये तिथे किल्ला बांधला, आणि मिरीचा भाव करार करून ठरवून टाकला. कमी भाव, आणि तोच पुढे वर्षानुवर्षे. मिरीचा व्यापार ही पोर्तुगालच्या राजाची मक्तेदारी ठरली. समुद्रात दुसऱ्या कुणाचे जहाज निघाले तर त्यांचा परवाना लागे, नसला तर जहाज लुटले जाई. भाव बांधलेला असला की माल कसा येतो हे कुठल्याही बाजारकरणीला विचारा. पोर्तुगीज अधिकारी वर्षानुवर्षे तक्रार करत राहिले की मिरी ओली येते, कोवळी येते, तिच्यात वाळू-माती असते. चांगली मिरी दुसऱ्या वाटांनी, घाट चढून बैलांच्या पाठीवर पूर्वेकडे जात होती, कारण तिकडे भाव मिळत होता. पुस्तकांत याला लबाडी म्हटले आहे. आमच्या गटात दोन मते पडली. एक मत असे की ओली मिरी वजनाला घालणे ते घालणेच. दुसरे मत, भाव ठरवताना आम्हांला विचारले होते का?

आता एका राणीबद्दल सांगतो. शरावती नदीच्या काठी, जोगच्या धबधब्याच्या खालच्या अंगाला गेरसोप्पा आहे. सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात तिथे चेन्नभैरादेवी नावाची जैन राणी राज्य करत होती. १५५२ ते १६०६ असा तिचा काळ सांगतात, म्हणजे पन्नास वर्षांहून जास्त. मिरी पिकवणारा मुलूख तिच्या ताब्यात होता, भटकळ-होन्नावरची बंदरे जवळ होती. पोर्तुगीज तिला 'रैना द पिमेंता' म्हणत, म्हणजे मिरीची राणी. ते तिच्याशी व्यापारही करत आणि लढतही. १५६९ मध्ये त्यांनी होन्नावर घेतले. तरीही ती टिकून राहिली, आणि शेवटी तिचे राज्य बुडवले ते समुद्रावरून आलेल्यांनी नव्हे, घाटावरच्या केळदीच्या नायकांनी. कुमठ्याजवळचा मिरजानचा किल्ला तिने बांधला असे सांगतात, आणि गेरसोप्प्याच्या जंगलात चार दारांची दगडी बसदी अजून उभी आहे. आपल्यापासून गोवा ओलांडला की कारवार, आणि पुढे दोन-तीन तासांवर हे सगळे. आमच्यातल्या कुणीही तिचे नाव ऐकले नव्हते. झाशीच्या राणीवर आम्ही शाळेत निबंध लिहिले, अहिल्याबाईंच्या जयंतीला भाषणे केली. मिरी पिकवणाऱ्या मुलखाच्या राणीला मात्र आमच्या पुस्तकात एक ओळही नव्हती. असो.

पोर्तुगीजांनंतर डच आले. आपल्या वेंगुर्ल्यात डचांच्या वखारीची पडकी वास्तू आहे, ती १६३७ च्या सुमाराची. गोव्याला नाकेबंदी करायला त्यांना जवळचा तळ हवा होता. १६६३ मध्ये त्यांनी कोचीनही घेतले. इंग्रजांची वखार कारवारला होती, तिथून मिरीही जाई. नावे बदलत गेली, वेल तीच राहिली. केरळात एक जुनी गोष्ट सांगतात. परदेशी लोक मिरीचे फाटे आपल्या देशात लावायला नेत आहेत, अशी तक्रार घेऊन लोक कालिकतच्या सामुतिरी राजाकडे गेले. राजा हसून म्हणाला, वेली नेतील, पण आपली तिरुवातिरा ञाट्टुवेला कशी नेतील? तिरुवातिरा म्हणजे आपले आर्द्रा नक्षत्र. सूर्य आर्द्रेत असतो ते जूनच्या शेवटच्या आठवड्यापासूनचे चौदा दिवस. मृगाचा धिंगाणा संपलेला असतो, पाऊस संथ लागलेला असतो, मधूनच ऊन पडते. फाटे लावायला याहून चांगले दिवस नाहीत, आणि जुन्या वेलीवर नवे घोसही याच सुमाराला निघायला लागतात. गोष्ट खरी असो-नसो, नक्षत्राचा हिशेब खरा आहे. राजाचा आत्मविश्वास मात्र पुढे खोटा ठरला. आज जगात सर्वांत जास्त मिरी पिकते ती व्हिएतनाममध्ये, आणि आपल्या बाजारातला भाव तिकडच्या पिकावरही ठरतो.

स्वातंत्र्यानंतरचा इतिहास थोडक्यात. केरळात कन्नूरजवळ पन्नियूरला १९५२ मध्ये मिरीचे संशोधन केंद्र निघाले. तिथे दोन जातींचा संकर करून पन्नियूर-१ तयार झाली, जगातली मिरीची पहिली संकरित जात. लांब घोस, टपोरा दाणा. आपल्या कोकणात रोपवाटिकेत मिळते ती बहुधा हीच. तिला उजेड बऱ्यापैकी लागतो. दाट सावलीत ती नुसती पाने वाढवते, हे लक्षात ठेवा. रत्नागिरीजवळ भाट्याच्या नारळ संशोधन केंद्राने लाखी बाग ही कल्पना रुजवली. माडांच्या मधल्या जागेत जायफळ, दालचिनी, केळी, अननस आणि माडावर मिरी. नाव सरकारी असले तरी आमच्या आजींना त्यात नवे काही वाटले नाही. ओळीत आणि मोजून लावलेले परस, असे त्या म्हणाल्या.

आता काकींच्या पडलेल्या वेलीकडे परत येऊ. माड तोडून नेण्याआधी आम्ही सहाजणी तिथे गेलो. वेल माडाबरोबर आडवी झाली होती, मूळ अर्धे उपटलेले. मिरीच्या वेलीला दोन प्रकारच्या फांद्या असतात. बुंध्यापासून जमिनीवर सरपटत जातात त्या धावत्या फांद्या, यांच्यापासून वर चढणारी वेल होते. आणि आडव्या फुटतात त्या फळफांद्या, यांच्यावर घोस लागतात. फळफांदीचा फाटा लावला तर ती वर चढत नाही, झुडूप होते. कुंडीतसुद्धा राहते आणि लवकर घोस देते. खरे तर धावत्या फांद्या आधीच काठीला गुंडाळून बांधाव्यात, म्हणजे जमिनीत मुळे धरत नाहीत, आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये कापून पिशव्यांत लावाव्यात. आमच्याकडे तेवढी सवड नव्हती. मे संपत आला होता. दोन-तीन पेरांचे चाळीस फाटे केले, खालची पाने काढली, माती, वाळू आणि कुजलेले शेणखत भरलेल्या पिशव्यांत एक पेर मातीत जाईल असे खोचले, आणि फणसाच्या सावलीत ठेवून दिले. फळफांद्यांचे दहा-बारा वेगळे लावले. चाळीसपैकी सव्वीस जगले. फळफांद्यांचे चारच.

लावायचे कुठे, हा मोठा प्रश्न होता. काकींच्या वाट्याला माड तीन, तेही उतारावर. कुंपणाला मात्र पांगारा होता, आणि एक जुना फणस. कुंपण त्यांच्या नावावर, फणस त्यांच्या नावावर. आर्द्रेत खड्डे खणले, हातभर खोल. झाडाच्या उत्तरेला किंवा पूर्वेला लावायचे, म्हणजे दुपारचे ऊन कोवळ्या वेलीवर पडत नाही. माडाजवळ लावायची असेल तर बुंध्याला चिकटून नको, दोन हात तरी दूर लावून काठीने बुंध्यापर्यंत न्यायची, नाहीतर माडाच्या मुळांत तिला जागाच मिळत नाही. वर चढेपर्यंत जुन्या सुती साडीच्या पट्टीने सैल बांधायची. सुतळीने कापते.

पाणी साचू देऊ नका, हे आम्ही तीन वेळा सांगू. मिरीचा शत्रू ऊन नाही, साचलेले पाणी आहे. मर रोगाची बुरशी पावसाळ्यात मुळाकडून किंवा खालच्या पानांवरून चढते, आणि चांगली हिरवीगार वेल पंधरा दिवसांत काळी पडून गळते. एकदा बुंधा सडला की इलाज नाही. म्हणून आधीच बोर्डो मिश्रण मारायचे, एकदा पावसाच्या तोंडावर आणि एकदा ऑगस्टमध्ये. शंभर ग्रॅम मोरचूद पाच लिटर पाण्यात, शंभर ग्रॅम चुना दुसऱ्या पाच लिटरमध्ये, दोन्ही प्लॅस्टिकच्या बादल्यांत. मग मोरचुदाचे पाणी चुन्याच्या पाण्यात ओतायचे. त्यात स्वच्छ विळा बुडवून पाहा. पात्यावर तांबूस रंग चढला तर चुना कमी पडला, थोडा वाढवा. त्याच दिवशी फवारा, उरवून ठेवू नका. जमिनीवर लोळणाऱ्या फांद्या पावसाआधी कापा किंवा वर बांधा. बुंध्याशी पातेरा घाला, पण बुंध्याला टेकवू नका.

आणि वेल शिडी पोचेल एवढीच वाढू द्या. माडाच्या शेंड्यापर्यंत गेलेली मिरी शोभेला छान दिसते, पण ती खुडायला पाडेली बोलवावा लागतो, आणि मग निम्मा पैसा तिथेच जातो. घोसातले एक-दोन दाणे नारिंगी-लाल झाले की पूर्ण घोस खुडायचा. सगळे लाल होईपर्यंत थांबलात तर पाखरे तुमच्या आधी येतील. दाणे सुटे करून एक मिनिट उकळत्या पाण्यात बुडवून काढले की रंग एकसारखा काळा येतो आणि लवकर वाळतात. आम्ही पूर्वी सारवलेल्या खळ्यावरच घालायचो. आता ताडपत्रीवर किंवा चटईवर घालतो, कारण मालात माती निघाली की खरेदीदार भाव पाडतो. विकायला नेण्याआधी लिटरचे माप भरून वजन करून पाहा. साडेपाचशे ग्रॅमच्या आसपास भरली तर मिरी भरदार आहे, आणि मग व्यापाऱ्याने हलकी म्हटले तर त्याला आपले माप दाखवता येते. पोर्तुगीजांच्या काळात पिकवणारीकडे हे माप नव्हते.

काकींच्या पांगाऱ्यावरच्या वेलींना तिसऱ्या वर्षी थोडे घोस आले, गेल्या हंगामात बरेच. सव्वीसपैकी सात दुसऱ्या पावसाळ्यात मर रोगाने गेल्या, त्या सगळ्या कुंपणाच्या खालच्या कोपऱ्यातल्या, जिथे पाणी तुंबते. म्हणून आम्ही मघापासून पाणी पाणी करतो आहोत.

त्या पंचनाम्यानंतर आमच्या गटाने एक वही केली. तिच्यात प्रत्येक वेलीला एक ओळ. वेल कुठे आहे, कोणत्या झाडावर, ते झाड कुणाच्या नावावर, वेल कुणी लावली, कधी, फाटा कुठल्या वेलीचा, आणि दरवर्षी किती मिरी निघाली. वर्षातून एकदा तिच्यावर गटाच्या अध्यक्ष, सचिव आणि हजर असलेल्या सगळ्यांच्या सह्या होतात. ही वही कुठल्या कार्यालयात चालेल की नाही, ते पुढच्या वादळात कळेल. घरात मात्र ती चालायला लागली आहे. दोन घरांत वाटणीच्या बोलण्यात ती वही मागून घेतली गेली.

मागच्या महिन्यात काकींचे दीर स्वतः आले. पडलेल्या माडाच्या जागी त्यांनी नवा माड लावला आहे, आता कंबरेएवढा झाला आहे. त्यावर चढवायला मिरीचे दोन फाटे मागत होते. काकी म्हणाल्या, "आधी माड वाढांदे." पण फाटे पिशवीत भरून ठेवले आहेत. माड वेल पेलण्याएवढा व्हायला अजून काही वर्षे आहेत. वहीत त्या दोन फाट्यांची ओळ आम्ही घातली. झाड कुणाचे, तिथे दिराचे नाव लिहिले. फाटा कुठल्या वेलीचा, तिथे विहिरीजवळची जुनी वेल, असे लिहिले. वेल कुणाची, या रकान्यावर अर्धा तास बोलणे झाले, आणि मग बस निघायची वेळ झाली म्हणून तो तसाच कोरा ठेवून आम्ही उठलो.